रीफ टँकला घाण वास येतोय? आधी तो कुठून येतो ते शोधा

चांगल्या चाललेल्या रीफ टँकलाही (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीलाही) वास असतोच. झाकण उचललं की ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर येतो तसा खारट, किंचित शेवाळी वास जाणवतो. कोरलच्या पेशींमध्ये राहणारं सूक्ष्म शैवाल गंधकयुक्त पदार्थ बनवतं. त्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो आणि समुद्राच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. त्यामुळे टाकी अगदी बिनवासाची करण्याच्या मागे लागू नका. काळजी करायची ती वास बदलला तर, वाढला तर, किंवा खोलीत पाऊल टाकताच नाकात शिरायला लागला तर.

अशा वेळी नवीन माणूस बहुतेकदा एक पिशवी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (वास आणि रंग शोषणारा कोळसा) टाकून मोकळा होतो. दोन दिवसांत वास कमी होतो आणि खडकामागे सडणारा मासा तिथेच सडत राहतो. कार्बन वापरायचा आहेच, पण अगदी शेवटी. तोवर वास हीच तुमच्याकडची सगळ्यात उपयोगी खूण आहे, ती पुसून टाकू नका.

पायरी १: नाक ताजं करा आणि बरणी घ्या

टाकीजवळ तासन्‌तास बसणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या हवेत फिरून या, किंवा बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारा. त्याने नाक मुरडलं तर तुमच्या 'मला तर काही येत नाही'ला अर्थ नाही.

मग क्रमाने हुंगत जा: टाकीचा पृष्ठभाग, ओव्हरफ्लो (पाणी खाली उतरतं तो कप्पा), संपचं (टाकीखालच्या उपकरणांच्या टाकीचं) कपाट, स्किमरचा (बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप, फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), टॉप-अपच्या (वाफ होऊन गेलेल्याची भरपाई करणाऱ्या) पाण्याचा डबा. प्रत्येक ठिकाणी हाताने हवा आपल्याकडे ओढून वास घ्या, नाक खुपसू नका.

त्यानंतरची चाचणी साधी आहे, पण निम्मं काम तिथेच होतं. साबणाचा वास नसलेली एक काचेची बरणी टाकीच्या पाण्याने अर्धी भरा, झाकण घट्ट लावा, जोरात हलवा आणि उघडून लगेच हुंगा. एक नमुना वरून घ्या आणि एक वाळूजवळून, नळीने ओढून. बरणीतल्या पाण्याला समुद्राचाच वास असेल तर बिघाड पाण्यात नाही. तो उपकरणांत, कपाटात किंवा टाकीखालच्या ओल्या लाकडात आहे. बरणी उघडताच मान मागे गेली तर मात्र पाण्यात काहीतरी कुजतंय.

पायरी २: ज्या वासांना थांबायला वेळ नसतो

जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर पाण्यात हात घालू नका आणि ओला प्लगही ओढू नका. भिंतीवरचा किंवा घराचा मुख्य स्विच बंद करा, मगच बघा. हीटरची काच तडकली आहे का, पंपाची वायर वितळली आहे का, एक्स्टेंशन बोर्डवर मिठाचा पांढरा थर चढला आहे का? हा थर हवेतली ओल धरून ठेवतो आणि त्यातून वीज वाहते. टाकीचं सगळं वायरिंग गळती ओळखून वीज तोडणाऱ्या आरसीडीवर असायलाच हवं; हे नंतर बघू म्हणण्यासारखं काम नाही. वीज बंद असेल तितका वेळ बॅटरीवरच्या एअर पंपाने पाणी हलतं ठेवा.

ओझोनायझर (पाण्यात ओझोन सोडणारं यंत्र) लावला असेल आणि विजांच्या कडकडाटानंतर येतो तसा तिखट, धातूसारखा वास आला, तर तो आधी बंद करा. ओझोन फुप्फुसांना अपाय करतो. स्किमरमधून बाहेर पडणारी हवा कार्बनमधून न्यायची असते, आणि तो कार्बन बहुधा संपलेला असतो.

नासक्या अंड्यांचा वास आणि त्याच वेळी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताहेत, अशी जोडी दिसली तर मधल्या पायऱ्या सोडून थेट पाचव्या पायरीवर जा.

पायरी ३: पाण्याबाहेरचे गुन्हेगार

माझ्या मते तक्रारींचा मोठा भाग इथेच संपतो. स्किमरचं कामच मुळी घाण गोळा करणं आहे. बुडबुड्यांना चिकटलेली प्रथिनं, श्लेष्म, अन्नाचे कण कपात साठतात, वर उष्णतेत दोन-तीन दिवस राहतात आणि स्किमर त्यावरूनच हवा खोलीत सोडत असतो. कप उचलून त्याच्या गळ्यात बोट फिरवून बघा. तपकिरी-काळपट, ग्रीससारखा चिकट थर बोटाला लागला आणि हात धुतल्यावरही वास गेला नाही, तर तुमचं निदान झालं. कप आणि गळा दर दोन-तीन दिवसांनी नुसत्या पाण्याने धुवा. साबणाचा अंशही नको, नाहीतर स्किमर फेसाळून ओसंडतो. कपच्या झाकणावर थोडा कार्बन ठेवला तर बाहेर येणाऱ्या हवेचा वास बराच मरतो. कपातल्या द्रवाला घाण वास येणं हे मात्र चांगलंच लक्षण आहे. ती घाण पाण्यातून बाहेर आली आहे.

फिल्टर सॉक आणि फ्लॉस (गाळणीचा कापूस) तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नका. त्यात अडकलेला मळ पाण्यातच सडत राहतो आणि सगळं पाणी त्यातूनच वाहतं. संपच्या ज्या कोपऱ्यात प्रवाह पोहोचत नाही तिथेही असाच काळसर गाळ बसतो. पाणी बदलताना नळीने ओढून घ्या. रिफ्यूजियममधलं (शैवाल वाढवण्याच्या वेगळ्या कप्प्यातलं) चीटो शैवाल पिवळट, लिबलिबीत झालं असेल तर सडका भाग काढून टाका.

कुबट, दमट वास कपाट उघडल्यावरच येत असेल तर तो बुरशीचा असतो. कुठलीतरी जोडणी थेंब-थेंब गळते आणि लाकूड पीत राहतं. टिश्यू पेपर प्रत्येक जोडणीवर दाबून बघितला की पाणी नेमकं कुठे मुरतंय ते कळतं. कपाटाला मागून एक छोटा पंखा लावला तर ओल आणि वास दोन्ही आटोक्यात राहतात.

पायरी ४: कोण मेलं?

बरणी सडकी निघाली की पहिला प्रश्न हाच. हजेरी घ्या. खाणं टाका आणि मोजा: कोणता मासा आला नाही? न आलेला मासा मेलाच असेल असं नाही, काही मासे आठवडाभर दडून बसतात. पण सडका वास आणि गैरहजेरी एकत्र आली तर शोध घ्यायलाच हवा. रात्री दिवे गेल्यावर लाल उजेडाचा टॉर्च घेऊन बघा. मेलेलं खाणारे हर्मिट क्रॅब (शंखातले खेकडे), ब्रिसल वर्म (केसाळ किडे) आणि वाळूतून सोंड वर काढणाऱ्या नासेरियस गोगलगायी एका फटीकडे जमल्या असतील तर उत्तर तिथे आहे. टाकीबाहेरही बघा. उडी मारून ओव्हरफ्लोमध्ये किंवा टाकीमागे पडलेला मासा ही नेहमीची गोष्ट आहे.

माशापेक्षा गोगलगायी जास्त फसवतात. उलटी पडलेली गोगलगाय जिवंत आहे की मेलेली हे बाहेरून कळत नाही. उचला आणि शंखाच्या तोंडाचं झाकण हलकेच ढकलून बघा. जिवंत असेल तर ती आत ओढून घेते. झाकण सैल लोंबत असेल, तर नाकाजवळ आणायचीही गरज पडत नाही. हाताच्या अंतरावरूनच डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो. अंगठ्याएवढी टर्बो गोगलगाय छोट्या टाकीचं पाणी बिघडवू शकते, म्हणून संशय असेल तर ती वेगळ्या भांड्यात, टाकीच्याच पाण्यात ठेवून काही तास बघा. रिकामा शंख दिसला तरी उचलून हुंगा, आत कुजका तुकडा राहिलेला असतो.

जास्त धोका मोठ्या मांसल जिवांचा असतो: सी अ‍ॅनिमोन, क्लॅम (मोठा शिंपला), सी क्युकंबर, सी अर्चिन, मोठा स्पंज. निरोगी अ‍ॅनिमोनही अधूनमधून आक्रसतं, तपकिरी विष्ठा टाकतं आणि मालकाला घाबरवतं. फरक पकडीत आणि वासात आहे. मेलेल्याचं तोंड उघडं राहतं, पाय खडक सोडतो आणि बोट लावलं की ऊतक चिंध्या होऊन सुटतं. अशा वेळी उद्यावर ढकलू नका. हातमोजा घालून, सोबत नळीने ओढत, ते तुकडे टाकीत पसरणार नाहीत असं बाहेर काढा. क्लॅमवर सावली पाडली आणि तो मिटला नाही, तर तो गेला किंवा जाण्याच्या बेतात आहे.

यानंतर लगेच अमोनिया तपासा. स्थिरावलेल्या टाकीत अमोनिया शून्य किंवा किटला जेमतेम दिसेल इतकाच असतो. आकडा त्याहून चढला तर काहीतरी सडतंय यावर शिक्कामोर्तब झालं. समुद्री टाकीचा पीएच ८.१-८.३ च्या आसपास असतो आणि पीएच जितका वर, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून जो आकडा गोड्या पाण्यात एक वेळ निभावतो तो इथे निभावत नाही. २० ते ३० टक्के पाणी बदला, क्षारता (खारेपणा) आणि तापमान जुळवूनच. अमोनिया बांधून ठेवणारं औषध घातलं तर त्यानंतर काही किट चुकीचा आकडा दाखवतात, म्हणून चाचणी औषधाआधी करा.

पायरी ५: नासक्या अंड्यांचा वास

हा हायड्रोजन सल्फाइड. रीफ टँकमध्ये याला सगळ्यात जास्त घाबरतात, आणि चुकाही याच्या बाबतीतच सगळ्यात जास्त होतात.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. जिथे ऑक्सिजन संपतो तिथे काही जिवाणू श्वसनासाठी हे सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. गोड्या पाण्यात सल्फेट थोडंच, म्हणून हा वास समुद्री टाकीत लवकर येतो. ऑक्सिजन संपण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: खडकाच्या ओझ्याखाली दबलेली वाळू, जाड थराचा तळ, मीडिया म्हणजे गाळण्याचे दाणे भरलेला पण प्रवाह अडकलेला मीडिया रिअ‍ॅक्टर, आणि वीज गेल्यावर तासन्‌तास बंद राहिलेला कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातली गाळणी).

शेवटची जागा आधी बघा, कारण तिथली चूक महाग पडते. वीज बराच वेळ गेली असेल तर बंद डबा परत सुरू करण्याआधी उघडा आणि हुंगा. अंड्यांचा वास आला तर आतलं पाणी बाहेर ओता, मीडिया टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात धुवा, मगच चालू करा. न बघता स्विच दाबला तर ते सगळं पाणी एका दमात माशांवर जातं. रिअ‍ॅक्टरलाही हाच नियम.

आता वाळू. काचेतून बघा: काळे किंवा गडद करडे डाग दिसतात का? लोह आणि सल्फाइडच्या संयुगामुळे तो रंग येतो. डाग दिसला म्हणजे संकट आलं असं मुळीच नाही. वरच्या थरातला ऑक्सिजन खालून वर येणाऱ्या सल्फाइडला वाटेतच निष्प्रभ करतो आणि असे तळ वर्षानुवर्षं शांत राहतात. ते उकरू मात्र नका. नवीन माणसाला काळी वाळू दिसली की बोट घालून ढवळण्याची खुमखुमी येते, आणि मग थरात कोंडलेलं सगळं एकाच वेळी पाण्यात येतं. तळ कमी करायचाच असेल तर प्रत्येक पाणी बदलताना नळीने एक छोटा पट्टा ओढून घ्या, बाकीच्याला हात लावू नका. जुनी टाकी हलवताना तीच वाळू तशीच नव्या टाकीत ओतू नये, तेही याच कारणाने. रीफवाल्यांचा आडाखा असा आहे की वाळू एकतर ५ सेंटीमीटरच्या आत ठेवावी किंवा १० च्या वर. मधली जाडी ना धड साफ होते, ना धड स्थिरावते.

वास आला आणि मासेही धापा टाकत असतील तर: खिडक्या उघडा, पॉवरहेडचं (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड पृष्ठभागाकडे वळवा, एअर पंप लावा, स्किमर उघडा ठेवा. पाणी खळबळलं की हा वायू हवेत निघून जातो आणि ऑक्सिजन आत येतो. मोठा पाणीबदल करा, ताजा कार्बन आणि फॉस्फेट काढणारं लोहयुक्त जीएफओ लावा. लोह सल्फाइडला धरून ठेवतं. मासे आडवे होत असतील तर त्यांना ताज्या मिसळलेल्या, त्याच क्षारतेच्या पाण्यात हलवा. पीएच खाली आणणारं काहीही घालू नका, कारण आम्लता वाढली की सल्फाइडचं जास्त विषारी रूप वाढतं.

एक गोष्ट स्वतःच्या सुरक्षेची. हा वायू हवेत अगदी नगण्य असला तरी नाकाला कळतो, पण प्रमाण दशलक्षात १०० भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास थांबल्यासारखा वाटतो. घरच्या टाकीतून इतकं सुटणं अवघड. तरी सडक्या वाळूच्या बादल्या बंद बाथरूममध्ये धुऊ नका, बाहेर न्या.

पायरी ६: कोरलचे स्वतःचे वास

निरोगी कोरलही पाण्याबाहेर काढलं की चिकट स्राव सोडतं आणि तो वास बहुतेकांना आवडत नाही. लेदर कोरल कापलं तर उग्र, औषधी दर्प येतो. हे नैसर्गिक आहे. लेदर काही दिवस मिटून मेणचट कात टाकतं, तेव्हाही घाबरू नका. त्यावर प्रवाह जरा वाढवा.

झेनिया हे मऊ कोरल मात्र मरताना अक्षरशः विरघळतं आणि आकाराच्या मानाने भयंकर वास सोडतं. टॉर्च, हॅमर यांसारख्या युफिलिया गटातल्या कोरलवर तपकिरी, जेलीसारखा थर दिसला आणि त्याला सडका वास असेल, तर तो ब्राउन जेलीचा रोग समजा. पिचकारीने उडवू नका, त्याने तो शेजारच्या डोक्यांवर (कोरलच्या इतर फांद्यांच्या टोकांवर) पसरतो. पंप थांबवा, नळीने ओढून घ्या, कोरल वेगळ्या भांड्यात आयोडीनच्या डिपमध्ये (द्रावणात) बुडवा, मेलेली डोकी तोडून टाका.

झोअँथिड, त्यातही पॅलिथोआ, (बटणांसारखे झुपके करणारे कोरलचे नातेवाईक) असलेला खडक वास मारतोय म्हणून उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, ब्रशने घासूही नका. यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. ते वाफेतून किंवा उडालेल्या तुषारांतून श्वासात आणि डोळ्यांत जातं, आणि माणसाला रुग्णालयात नेण्याइतकं जहाल आहे. असा खडक हाताळताना हातमोजे आणि गॉगल दोन्ही हवेत.

सायनोबॅक्टेरियाची (शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंची) लालसर चादर ओढून काढताना दलदलीसारखा वास येतो. तो धोक्याचा नाही. तिथे प्रवाह कमी आणि अन्न जास्त आहे एवढंच तो सांगतो.

पायरी ७: नवीन टाकी, नवीन पाणी

नुकता आणलेला लाइव्ह रॉक (जीवजंतू वसलेला समुद्री खडक) वास मारणारच. प्रवासात मेलेले स्पंज आणि किडे त्यात कुजत असतात. तो थेट टाकीत न घालता वेगळ्या पिंपात, पंप आणि हीटर लावून, पाणी बदलत ठेवा. सहसा काही आठवडे लागतात. खडक उचलून हुंगल्यावर समुद्राचा वास आला आणि अमोनिया शून्यावर टिकला की तो तयार. नुसता वास गेला म्हणून घाई करू नका, दोन्ही खुणा लागतात.

नव्या काचेच्या टाकीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर सिलिकॉन अजून सुकतंय. पाणी भरायला थांबा. जुन्या टाकीत तोच वास आला आणि तुम्ही जिवाणूंचं खाद्य म्हणून (कार्बनचा स्रोत) व्हिनेगर डोस करत असाल, तर डोस जास्त होतोय का ते बघा. जास्त झाला तर जिवाणूंमुळे पाणी दुधाळ होतं आणि रात्रीत ऑक्सिजन घसरतो.

ताज्या मिसळलेल्या खाऱ्या पाण्याला जवळजवळ वास नसावा. आरओडीआयच्या (आरओ गाळणी आणि डीआय रेझिन या दोन्हींतून शुद्ध केलेल्या) पाण्याला माशासारखा वास आला तर डीआय रेझिन (क्षार शोषणारे दाणे) संपलेलं किंवा खराब झालेलं असतं, कारण त्यातून अमाइन सुटतात. क्लोरीनचा वास आला तर आधीचा कार्बन ब्लॉक बदला. ते पाणी टाकीत नकोच. टॉप-अपच्या डब्याला आतून बुळबुळीत थर आला असेल तर रिकामा करून घासा.

पायरी ८: आता कार्बन

कारण सापडलं, काढलं, पाणी बदललं, मग कार्बन. आधी आरओ पाण्यात धुवा, नाहीतर काळी भुकटी कोरलवर बसते. सुरुवातीला नेहमीच्या निम्मंच वापरा. पाण्यातला पिवळेपणा एकदम गेला तर दिवे अचानक प्रखर झाल्यासारखे होतात आणि कोरल पांढरे पडू शकतात. तीन-चार आठवड्यांनी बदला.

दोन दिवसांनी कार्बन काढून बरणीची चाचणी पुन्हा करा. वास परतला तर काहीतरी अजून आत आहे आणि चौथी पायरी पुन्हा करायची, या वेळी एकेक खडक उचलून. खडक उचलताना त्याखालची वाळू ढवळली जाणार नाही असा सरळ वर उचला, आणि नळी दुसऱ्या हातात तयार ठेवा.